मेलबोर्नच्या मॅचआधी

"सूनबाई, बॉल ज्याच्या पायात आहे त्याला कायकू बघता? जो बिनबॉलचा गुपचूप उभा आहे ना, त्याच्यावर नजर ठेवा."

हे मला हिम्मतराव मास्तरांनी सांगितलं होतं, छप्पन सालच्या जूनमध्ये. मी सरोजचं दूध गाळत होते. "हो मास्तर," म्हटलं आणि गाळणी मोरीत झटकली. मास्तरांच्या बोलण्यात फुटबॉल यायचाच. भाजी निवडण्यापासून लग्न जुळवण्यापर्यंत कुठलाही विषय काढा, ते त्यात एखादा हाफबॅक आणून उभा करायचे. त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. मीही घेतलं नाही.

मास्तर आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात समोरच्या खोलीत राहत. उर्दू शाळेत तीस वर्षं कवायत आणि फुटबॉल शिकवून रिटायर झालेले, बायको-मुलं कुणी नाही. माझे सासरे आणि ते जिंतूरकडच्या एकाच गावचे, एकाच वर्षी शिकायला हैदराबादेत आलेले. सासरे जाताना सांगून गेले होते की हिम्मत आहे तोवर ही खोली त्याची. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. मी आले ती बी.ए. होऊन, आणि घरात पाहते तर समोरच्या खोलीत पांढऱ्या खडूनं रंगवलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा.

ते आतल्या खोलीत पहिल्यांदा येऊन बसले ते पंचावन्नच्या डिसेंबरात, ढाक्याच्या सामन्यांच्या वेळी. रेडिओ आमच्याकडेच होता. आपली टीम तिथं जिंकली त्या दिवशी मास्तर सरोजला उचलून म्हणाले, "हौ बेटा, आता मेलबोर्न." सरोज तेव्हा चार महिन्यांची, छाती घरघरत असायची तिची. मी पटकन तिला परत घेतलं. त्यांच्या शालीला विडीचा वास यायचा.

पुढचं सगळं वर्ष त्यांचं मेलबोर्नमध्येच गेलं. ऑलिंपिकच्या टीममध्ये आपल्या शहराच्या पोलिस टीमची पोरं असणार, कोण असणार, कोण गाळणार, सराव कुठं, गुडघा कुणाचा दुखावला. सगळं एका लांबट वहीत लिहायचे. उर्दूत. माझ्या शाळेच्या वेळी इथं उर्दू होतं, पण मी पुण्याच्या मावशीकडे राहून शिकले, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी. माझ्याच घरात माझ्यासमोर लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं, आणि ते मला आधीपासूनच खुपत होतं.

शेजारच्या इंदुताईंनी त्यावर बोट ठेवलं. वाळवणावरचे कावळे हाकलता हाकलता म्हणाल्या, "सुमन, तुमचे मास्तर मॅचा लिहितात म्हणे?"

"हो. का?"

"मॅच काय रोज असते? मी गिरणीवरून आले की माझ्याकडे बघतात आणि लिहितात. पलीकडचे केशवराव सायकलवरून उतरले की लिहितात. आमच्याकडे काय फुटबॉल चाललाय?"

मी हसले. पण दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या फटीतून पाहू लागले. इंदुताई खोटं बोलत नव्हत्या. माणूस गल्लीतून जायचा, मास्तर त्याच्या पायांकडे बघायचे, थोडा वेळ थांबायचे, आणि वहीत दोन अक्षरं. मी चहा घेऊन गेले की वही मिटायची आणि उशीखाली जायची.

आता ते वर्ष कसलं होतं ते सांगायला हवं. एक नोव्हेंबरला आमचं राज्य मोडणार होतं. तेलंगण आंध्राकडे, मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. जिल्ह्यांबरोबर नोकरमाणसांचीही वाटणी. आमचे 'हे', म्हणजे दिगंबर, सचिवालयात शिक्षण खात्यात होते. कुठल्या राज्यात जायचं ते प्रत्येकानं लिहून द्यायचं होतं, आणि मूळ गाव कुठलं हे पाहून कचेरी ठरवणार होती. गल्लीत चार मराठी कारकून. चौघेही एकमेकांशी हवापाण्याचं बोलू लागले होते.

मला हैदराबाद सोडायचं नव्हतं. सरोजला धाप लागली की निळी पडायची. कोठी भागातल्या डॉक्टरांनी तिला दोनदा मरणातून ओढून आणलं होतं, आणि माझी आई सुलतान बाजारात, रिक्षानं दहा मिनिटांवर. मी ह्यांना म्हटलं होतं, "इथलंच लिहून द्या. गावाचा विषयच काढू नका. दोन पिढ्या इथं गेल्यात."

"दिलंय," हे म्हणाले.

जूनमधल्याच एका दुपारी मी आईकडून लवकर परतले. गल्लीच्या तोंडाशी ह्यांची सायकल दिसली. हे मास्तरांच्या खोलीतून बाहेर येत होते, दुपारी अडीचला, कचेरीच्या दिवशी. मला पाहून म्हणाले, "फाइल विसरलो होतो." मागे मास्तर उभे, हातात पेन, मान खाली.

म्हातारा ह्यांच्याकडून काहीतरी काढून घेतोय, असं माझ्या मनात आलं. ह्यांचा स्वभाव साधा, बोलून जातात. त्यानंतर दोन दिवसांनी मास्तरांनी मला ते बिनबॉलच्या माणसाचं सांगितलं. मी गाळणी झटकली.

ऑक्टोबरच्या शेवटी कच्ची यादी लागली. चार कारकुनांपैकी केशवराव हैदराबादेत. आमचं नाव मुंबई राज्यात, नेमणूक औरंगाबाद.

हे घरी येऊन कोट न काढताच खुर्चीत बसले. मी विचारलं, "असं कसं झालं?"

"मूळ गाव जिंतूर तालुका म्हणून नोंद आहे."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीतरी दाखला दिला असेल."

"आपलं गाव या गल्लीत कुणाला ठाऊक आहे? एकाच माणसाला."

हे बुटांची नाडी सोडत राहिले. "असेलही," म्हणाले.

त्या 'असेलही'वर मी महिनाभर जगले. मास्तर सरोजला खेळवायला हात पुढे करायचे, मी तिला कडेवर फिरवून घ्यायचे. चहा दारातच ठेवू लागले. अर्ज करून बघा, रद्द होईल, असं ह्यांच्या मागे लागले. हे "बघतो" म्हणायचे. सरोजला त्या थंडीत पुन्हा एकदा धाप लागली, डॉक्टर म्हणाले, "औरंगाबादेत हवा कोरडी आहे, पण तिथं बघणारं कोण आहे तुमचं?"

मग एका सकाळी मास्तर मैदानावर गेलेले असताना मी त्यांच्या खोलीत शिरले. वही उशीखालीच होती. पानंच्या पानं तारखा, आकडे. आणि मधल्या एका पानावर वेगळंच. वर ओळीनं पाच शब्द, नावंच असावीत, खाली तीन, त्याखाली दोन, आणि तळाशी एकटं एक. प्रत्येकासमोर बारीक अक्षरात काहीतरी. मी ते पान फाडलं. माझ्या हातून आजवर कुणाचं काही फाटलं नव्हतं, पण ते मी फाडलं.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर धरलं. "वाचा."

ह्यांनी वाचलं. आवाज अगदी सपाट. "केशवराव. लक्ष्मणराव. अंबाजी टपालवाला. इंदुताई..."

"इंदुताईसुद्धा? आणि हे शेवटचं एकटं?"

"सुमन," हे म्हणाले. "तुझं आहे."

"आणि समोर काय लिहिलंय?"

"अक्षर लागत नाही. ठेव परत जागेवर."

मी ठेवलं नाही. सरोजच्या दुपट्यांखाली ट्रंकेत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी, हे घरी असतानाच, मास्तरांना म्हटलं, "आम्हाला तर आता जावंच लागणार. तुमची सोय तुम्ही बघा. या आठवड्यातच."

मास्तर खडूनं बूट पांढरे करत होते. तसेच थांबले. "या आठवड्यात?"

"ज्यानं आमच्या गावाचा दाखला दिला, त्याला आणखी किती दिवस घरात ठेवू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. "दिगंबर, तू काय म्हणतोस?"

हे पेपर वाचत होते. पान उलटलं. "ती म्हणते ते... आता काय."

"हौ," मास्तर म्हणाले. मग मला, "दाखला मीच दिला सूनबाई. सही माझीच आहे." एवढंच. मला वाटलं, बरं झालं, कबूल तरी केलं.

निघताना त्यांची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. सिकंदराबादेत स्टेशनामागे कुणी जुना विद्यार्थी आहे म्हणाले. रिक्षात चढता चढता म्हणाले, "पहिल्या तारखेला ऑस्ट्रेलियाशी आहे. हंगेरीवाले आलेच नाहीत, त्यांच्या मुलखात गडबड. आता कुठं ऐकायचं ते बघतो." हे घरातच होते. बाहेर आले नाहीत.

एक डिसेंबरच्या संध्याकाळी बातम्यांत आलं, हिंदुस्थाननं ऑस्ट्रेलियाला चार-दोननं हरवलं. मी रेडिओ बंद करतेय तोच केशवराव धावत आले. "वहिनी, मास्तर कुठायत? लाडू काढा!" ते शाळेत मास्तरांच्या हाताखाली खेळलेले. मी म्हटलं, गेले. का गेले तेही सांगितलं, आणि ट्रंकेतून पान आणून त्यांच्या हातात दिलं. "हे बघा, तुमचंही नाव आहे."

केशवरावांनी पान उभं धरलं, आडवं धरलं आणि हसू लागले. "अहो वहिनी, ही टीम आहे."

"कसली टीम?"

"आपल्या गल्लीची. वर पाच पुढचे, मग तीन हाफ, दोन बॅक, खाली गोलकीपर. शाळेत असताना मास्तर असंच करायचे. बाजारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चाल बघायची आणि टीम भरायची. चिंतामण हलवाई त्यांच्या टीमचा कॅप्टन होता. हे बघा, मी उजव्या टोकाला, 'धावतो, बॉल सोडत नाही'. इंदुताई बॅक. 'समोर येईल त्याला तुडवते.' दाखवा त्यांना, दाखवाच."

"आणि मी?"

"गोलकीपर. समोर लिहिलंय, 'डोळा तेज. दारातून हलत नाही.'" मग त्यांनी पान जवळ नेलं. "दिगंबररावांचं नाव डाव्या टोकाला होतं वाटतं. खोडलंय. त्यावर अंबाजीचं लिहिलंय. बाजूला तारीख आहे, अकरा जून."

हे अक्षर ह्यांना लागलं नव्हतं. केशवरावांना मिनिटात लागलं.

अकरा जून. आईकडून मी लवकर परतले होते तो दिवस. ती तारीख मला ठाऊक होती, कारण त्या सकाळी सरोजला देवीची लस टोचली होती.

केशवराव गेल्यावर मी ह्यांची कागदांची पेटी काढली. कपाटात, सरोजच्या औषधांच्या वरच्याच फळीवर होती ती, कुलूप नव्हतं. रोज माझा हात तिला लागत असे. आत टाइप केलेल्या अर्जाची नक्कल होती. इंग्रजीत, मला स्वच्छ वाचता येणाऱ्या इंग्रजीत. अर्जदाराचे मूळ गाव जिंतूर तालुक्यात असून त्यास स्वेच्छेने मुंबई राज्यात जावयाचे आहे, तरी औरंगाबादेस हेडक्लार्कच्या जागी विचार व्हावा. खाली ह्यांची सही. त्याखाली, मूळ गावाची खात्री देणारा, हिम्मतराव, सेवानिवृत्त शिक्षक.

हे आले तेव्हा मी कागद टेबलावरच ठेवला होता. ह्यांनी पाहिला. कोट खुंटीला लावला.

"मला तेलुगू येत नाही," हे म्हणाले. "इथं राहिलो तर दहा वर्षं त्याच खुर्चीत. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग मास्तरांना का जाऊ दिलंत?"

"त्यांना मी शपथ घातली होती, बाबांची. तुला सांगायचं नाही म्हणून." मग, "तू त्यांच्यावरच घेतलंस. मला वाटलं, नाहीतरी आपण निघालोच आहोत."

चार तारखेला सेमीफायनल होती. पहिला गोल आपला झाला आणि नंतर युगोस्लाव्हियानं चार केले. मी ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, सिकंदराबादच्या बसमध्ये, सरोजला मांडीवर घेऊन. स्टेशनामागचा विद्यार्थी सापडला. मास्तर चार दिवस राहिले, म्हणाला. घरात जागा कमी, पोरं फार. रोज सकाळी एका इराणी हॉटेलात रेडिओ ऐकायला जात. ऑस्ट्रेलियाची मॅच जिंकल्यावर जे गेले ते परत आले नाहीत. ट्रंक मात्र नेली होती. मी जवळची तीन हॉटेलं पाहिली. एका गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "शिट्टीवाला बुढ्ढा? आता था. खांसता बहोत था." त्यांना खोकला होता हे मला माहीतच नव्हतं. मी नजर ठेवत होते ती वहीवर.

जानेवारीत आम्ही औरंगाबादला आलो. हे हेडक्लार्क झाले. सरोजची धाप अजून कधी कधी लागते, आणि ह्यांनी "डॉक्टरांकडे जाऊन आलो" म्हटलं तरी मी चिठ्ठी मागून बघते. इथून सिकंदराबादला जायला गाडीत अख्खा दिवस जातो, आणि धाप लागणाऱ्या पोरीला घेऊन मला जाता येत नाही. हे जाऊन शोधतो म्हणतात. मला खरं वाटत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी सिकंदराबादेत राहत असेल, क्लॉक टॉवरपासून स्टेशनापर्यंत जात-येत असेल, तर इराणी हॉटेलात रेडिओजवळच्या टेबलाकडे जरा बघा. उंच, वाकलेले, पायांत खडू लावलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तुम्ही चालत आलात की तुमच्या पायांकडे बघतील, त्यावरून ओळखाल. खोकला कसा आहे ते विचारा. खोली आहे का, जेवतात कुठं, ते विचारा. नुसतं "ठीक हूं" म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका, राहतात तिथवर सोबत जाऊन स्वतः बघा. आणि मला कळवा. पत्र माझ्या नावानं घाला, ह्यांच्या नको.