नरसाळं कोणी धरलं होतं

रविराजची नवी गाडी दारात आली त्या दिवशी ज्योतीरामांनी बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. ते डिपस्टिक शोधत होते. काळेवाडीत उभा जन्म गॅरेज चालवलेला माणूस. बॉनेट उघडलं की आधी ती लांब पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालून काढायची आणि तेल कुठवर लागलंय ते बघायचं, ही त्यांच्या हाताची सवयच होऊन बसली होती. इथे हाताला काही लागेना.

"अण्णा, नाहीच आहे ती यात," रविराज हसत म्हणाला. "आत सेन्सर आहे. तेल किती ते स्क्रीनवर दिसतं."

"आन् सेन्सर चुकला तर?"

"सेन्सर नाही चुकत अण्णा. माणूस चुकतो."

रविराज चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असल्याने आपलंही कधी काही चुकत असेल, हा विचार त्याला शिवत नसे. ज्योतीरामांनी वाद घातला नाही. गॅरेज विकून बायकोसह संत तुकाराम नगरात मुलाकडे राहायला आल्यापासून गप्प बसायची त्यांना चांगली सवय झाली होती.

मिरवण्यासारखं त्यांच्याकडे आता एकच उरलं होतं. त्यांच्या हातून कधी कुणाचं इंजिन बिघडलं नव्हतं. बघितल्याशिवाय तेल ओतायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि भेटेल त्याला ते तो ऐकवत. बिल्डिंगमध्ये कुणाची स्कूटर सुरू झाली नाही की अजून "अण्णा, जरा बघता का?" अशी खालून हाक यायची. चहा अर्धा टाकून ते जिना उतरायचे. या हाकांवर त्यांचं म्हातारपण बरं चाललं होतं.

नवरात्रात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव पडला आणि सगळ्या गाड्या बाहेरच्या उतारावर नाकं खाली करून उभ्या राहिल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रविराजच्या गाडीत तेलाचा पिवळा दिवा लागला. त्याची बायको योगिनी म्हणाली, "उद्या पूजेला हा दिवा नको बाई. काहीतरी कर." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दसऱ्याच्या गर्दीत गाडी घ्यायला नकार दिला. रविराजने उतारावरच उभ्या असलेल्या गाडीत बसून स्क्रीनवर बोटं फिरवली. तेल अगदी कमी दिसत होतं. तो भोसरीला जाऊन तेलाचा कॅन घेऊन आला आणि वर बघून हाक मारली, "अण्णा, जरा नरसाळं धरता का?"

नवी गाडी आल्यापासून तिच्याजवळ त्यांना कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं. ज्योतीराम चप्पल घालायचीही विसरले.

त्यांनी दोन्ही हातांनी नरसाळं धरलं आणि रविराज ओतू लागला. निम्मा कॅन झाल्यावर ते म्हणाले, "मधी एकदा बगून घे की." रविराजने आत वाकून बघितलं. "अजून कमीच दाखवतंय," तो म्हणाला आणि उरलेलंही ओतलं. ज्योतीरामांना कसंसंच झालं. पण ज्या गाडीला पट्टीच नाही तिच्यात बघायचं काय आणि कसं, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? पोरगा इंजिनिअर आहे, त्याला कळतच असणार. शिवाय त्यांना इतका आनंद झाला होता की तो घालवायची त्यांची इच्छा नव्हती.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सगळे राजगुरुनगरला योगिनीच्या मावशीकडे सोनं द्यायला निघाले. मोशीच्या पुढे मागून धूर यायला लागला. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन दमला तेव्हा कुठे रविराजने गाडी कडेला घेतली. ती परत सुरू झाली नाही. शेवटी टोइंगच्या गाडीवर चढवून ती न्यावी लागली, गळ्यात हार तसाच.

सर्व्हिस सेंटरमध्ये मिनल नावाच्या मुलीने सगळं समजावून सांगितलं. रविराज कंपनीतून तसाच आला होता, गळ्यात ओळखपत्र. शेजारी योगिनी, आणि मागच्या खुर्चीवर ज्योतीराम.

"तेल खूप जास्त भरलंय सर. त्याचा आत फेस झाला, प्रेशर गेलं आणि इंजिन खराब झालं. गाडी उतारावर उभी असताना रीडिंग घेतलं का? ते सपाट जागेवर, गाडी चालवून आणल्यावरच घ्यायचं असतं. मॅन्युअलमध्ये दिलंय. आता हे वॉरंटीत बसणार नाही." मग तिने सहजच विचारलं, "तेल टाकलं कोणी?"

योगिनीने नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस तिला भाजीची पिशवी कशी धरावी तेसुद्धा मॅन्युअल वाचल्यासारखं सांगायचा. तिच्या बघण्यात दुसरं काही नव्हतं, नुसता प्रश्न होता. रविराजने गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं केलं.

"आमचे अण्णा जुने मेकॅनिक आहेत," तो कौतुकाच्या आवाजात म्हणाला. "त्यांना राहवत नाही."

मिनल ज्योतीरामांकडे वळली. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश म्हणाली, "आजोबा, नवीन गाड्यांना असं नाही करायचं हां."

ज्योतीरामांनी मान हलवली. परक्या पोरीसमोर आपल्या मुलाला खोटं पाडायचं नाही, एवढंच त्यांना त्या वेळी सुचलं. पोरगा बायकोसमोर अडचणीत सापडला, तोंडातून निघून गेलं. घरी गेल्यावर आपण होऊन सांगेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

घरी गेल्यावर रविराजने जेवण केलं आणि टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी तो शिफ्टला गेला. ज्योतीराम वाट बघत राहिले. तो पाणी प्यायला उठला तरी त्यांना वाटे, आता बोलेल. तो बोलला, पण ओव्हरटाइमबद्दल, गॅसच्या सिलिंडरबद्दल आणि बसने कंपनीत जायच्या त्रासाबद्दल. हा त्रास त्याने अण्णांकडे न बघता, पण अण्णांना ऐकू जाईल असा सांगितला.

शेवटी त्यांनी कौशल्याबाईंना, आपल्या बायकोला, खरं काय ते सांगितलं. त्या फराळाचं निवडत बसल्या होत्या.

"नरसाळं तुमीच धरलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "मी खिडकीतून बगितलं."

"धरलं व्हतं. वतलं न्हाई."

"आता त्यात काय फरक हाय? वय झालं की हात चुकतो मानसाचा. त्यापायी पोरावर कशाला ढकलायचं?"

लग्न झाल्यापासून या बाईने त्यांचा शब्द कधी खोटा मानला नव्हता. ज्योतीराम उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली तळमजल्यावरचा एक जण स्कूटरला किक मारून मारून घामाघूम झाला होता. त्याने वर बघितलं, अण्णांना बघून ओळखीचं हसला आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे घेऊन गेला. बिल्डिंगभर बातमी पोचली होती.

दिवाळीच्या पाडव्याला योगिनीचे वडील हरिहरराव आले. त्यांची गाडी जुनी, डिपस्टिकवाली. एरवी आले की बसायच्या आधी किल्ली ज्योतीरामांच्या हातात द्यायचे, "जरा तेलपाणी बघून घ्या," म्हणायचे. या वेळी किल्ली त्यांच्या खिशातच राहिली. फराळाच्या ताटल्या आल्या आणि त्यांनी जावयाला विचारलं, "काय हो, गाडीचं नक्की झालं काय?"

रविराजने सांगायला सुरुवात केली. अण्णा कसे अनवाणीच खाली आले, कॅन कसा उघडला, "मधी बगून घे" म्हणून आपण कसं दोनदा बजावलं आणि अण्णांनी कसं ऐकलं नाही. सांगताना तो कुठे अडखळला नाही. ज्योतीरामांचीच वाक्यं त्याने स्वतःच्या तोंडी घेतली होती आणि ती त्याला चांगली शोभत होती. योगिनी हसली. हरिहररावही थोडं हसले.

"रवी," ज्योतीराम म्हणाले. "वतलं तू व्हतंस."

योगिनीने सासूकडे पाहिलं, सासूने पदराशी चाळा केला. म्हाताऱ्या माणसाने जेवल्यावर पुन्हा जेवायला मागावं आणि घरच्यांनी एकमेकांकडे बघावं, तसं ते बघणं होतं. ज्योतीराम मात्र मुलाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तिथे चोरी सापडायला हवी होती. पकडला गेल्याची थोडी भीती दिसली असती तरी त्यांनी सगळं सोडून दिलं असतं. रविराजच्या चेहऱ्यावर तसलं काहीच नव्हतं, फक्त माया होती. एवढ्या दिवसांत सांगून सांगून त्याचं त्यालाच ते पटलं होतं.

तो उठला, वडिलांच्या शेजारी येऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अण्णा, जाऊ द्या ना आता. मी काही मनात धरून बसलोय का? मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

कौशल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. हरिहरराव म्हणाले, "ज्योतीरामराव, असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

गुडघ्यावरचा हात जड लागत होता. तो झटकावा एवढी चीड ज्योतीरामांना आली, आणि तसं केलं तर आपणच वाईट ठरू हेही कळलं. त्यांनी हात तसाच राहू दिला. आपला एकुलता एक मुलगा आपल्याला आवडेनासा झालाय, हे त्यांना बसल्या जागी उमजलं, आणि ज्यांना ते सांगावं ती सगळी माणसं समोर बसून त्याचंच कौतुक करत होती.