पेट्रोल कोण काढतं

दुधाची किटली हँडलला अडकवून महेशनं किक मारली. गाडी दोनदा खोकली आणि गप पडली. टाकी उघडून पाहिली, तर आज पुन्हा तळ दिसत होता.

“काल सांजच्यालाच कळवणवरनं भरून आणलं व्हतं, आई!”

सिंधुबाई तुळशीला पाणी घालत होती. हळूच म्हणाली, “शेजारच्या भिकनशिवाय कोण येतं आपल्या अंगणात?”

“तू पाह्यलं काढताना?”

“पाहायला कशाला पाहिजे? परवा आरतीला बायांना बी सांगितलं मी.”

“साऱ्या बायांना? आई, तू बी ना!” महेश गाडीपाशी उकिडवा बसला. इंजिनखालची माती काळी पडली होती. मूठभर उचलून त्यानं हुंगली. “चोर काय मातीत ओतायला पेट्रोल काढतो व्हय?”

त्यानं खाली ताट सरकवलं, बाटलीतलं थोडं पेट्रोल टाकीत ओतलं. पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडाच राहिला होता. कार्बोरेटरच्या बारीक नळीतून टिप टिप सुरू झाली. कॉक बंद केला, थांबली.

“टाकी फुटली नाय. कार्बोरेटरातली सुई नीट बसत नाय, म्हणून ते भरून वाहतंय.”

कार्बोरेटरची खालची वाटी खोलली, तर सुईभोवती करडा गाळ. त्यानं चिमटीत चोळला. पिठासारखा मऊ. “ही तर राख हाय. टाकीत राख कुठनं आली?”

सिंधुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“अंगारा हाय तो. गडावरच्या देवीचा. तू घाटात पडला, तवापास्नं दर मंगळवारी चिमूटभर टाकीत सोडते. वाटंत राखण व्हावी म्हणून.”

महेश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून वाटी पुसत राहिला.

ती तशीच भिकनच्या दारात गेली. त्याची बायको आक्काबाई मेथी निवडत होती. तिनं ना ‘या’ म्हटलं, ना मान वर केली. भिकन बाहेर आला.

“भाऊ, गाडीच गळत व्हती. चुकलं माझं,” सिंधुबाई पुटपुटली.

“वहिनी, डेअरीवर मी गेलो की पोरं आपापल्या गाडीच्या टाकीवर हात ठेवत्यात आन् हसत्यात. चोरी झाली की आमचं नाव घ्यायला लोकांना उशीर लागत नाय.” भिकनचा आवाज चढला नाही. “चोर म्हणाल्या देवळात, आन् माफी माझ्या दारात?”



त्या सांजेला देवळात आरती झाली. बाया प्रसादासाठी हात पुढं करत होत्या, तेव्हा सिंधुबाई उभी राहिली. “भिकनभाऊनी पेट्रोल चोरलं नाय. माझ्याच हातानं टाकीत अंगारा पडला, त्यानं गाडी गळत व्हती. मी खोटं बोलले.”

“टाकीत अंगारा?” कोणीतरी फिसकन हसलं. मग साऱ्याच हसल्या.

मागं बसलेल्या लताबाईंनी कानामागं हात धरला. “काय म्हणली गं? आम्हाला काय बी ऐकू आलं नाय.”

परवा सिंधुबाई याच बायांच्या कानात कुजबुजली होती, तर साऱ्या गावाला ऐकू गेलं होतं. तिनं पदर सावरला, आवाज उंच केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.