बाकी एक

काचेची भट्टी विझवता येत नाही आणि इस्पितळातल्या चादरी मळायच्या थांबत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात रविवार नावाची भानगडच नव्हती. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर, रात्रपाळीला. तीन दिवस काम, चौथा सुट्टीचा. मी इस्पितळाच्या लाँड्रीत, दिवसा. पाच दिवस काम, सहावा सुट्टीचा. तो सकाळी आत यायचा तेव्हा मी चपला घालत असायचे. शेजारणी म्हणायच्या, कित्ती शहाणं जोडपं, कधी आवाज नाही. अगं बयांनो, भांडायला माणूस समोर तर हवा!

चार आणि सहा बाराला भेटतात. बाराव्या दिवशी आम्ही दोघंही घरी. फार मोठं काही घडायचं नाही. तो गळका नळ दुरुस्त करायचा, मी त्याचे केस कापायचे, दुपारी एकत्र जेवायचो आणि मी साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकायचे. तो नुसतं हं हं करायचा. पण त्या एका दिवसाच्या जोरावर मी उरलेले अकरा रेटायचे.

मग एकदा तो म्हणाला, टाइम ऑफिसने त्याची सुट्टी एक दिवस पुढे सरकवलीय. भट्टीवरचा कुणी काम सोडून गेला म्हणे. मी आदळआपट केली, तर मला म्हणतो, जरा धीर धर, फिरत्या सुट्ट्या आहेत, आज ना उद्या गाठ पडेलच. मलाही ते पटलं. पण झालं भलतंच. त्याची सुट्टी कधी माझ्या आदल्या दिवशी यायची, कधी दुसऱ्या दिवशी. दर वेळी एका दिवसाने हुलकावणी.

दोन महिन्यांनी माझं डोकं फिरलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, छापील तारखा खोडल्या आणि शेवटच्या एकत्र सुट्टीनंतरचे दिवस एकापासून मोजायला घेतले. माझ्या सुट्ट्या सहा, बारा, अठरा, चोवीस. त्याच्या पाच, नऊ, तेरा, सतरा. चार काय नि सहा काय, दोन्हींना दोनाने भाग जातो. माझ्या कुठल्याही दिवसाला दोनाने भागा, बाकी शून्य. त्याच्या कुठल्याही दिवसाला भागा, बाकी एक. माझे सगळे सम, त्याचे सगळे विषम. त्याची सुट्टी पाचव्या दिवशी येत असती, तर कितीही सरकवली तरी कधीतरी भेटलो असतो, कारण पाच नि सहाला एक सोडून सामाईक असं काही नाही. चार नि सहाचं तसं नव्हतं. म्हातारपणी कवळ्या लावायची वेळ आली असती तरी गाठ पडली नसती.

खरं सांगते, मला आनंदच झाला. रोग सापडला होता आणि औषध होतं एका दिवसाचं. त्याला सांगितलं असतं तर तो मूग गिळून बसला असता, म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच कारखान्यात गेले.

टाइम ऑफिसात एक काका बसतात, पाळ्या लावणं हे त्यांचं काम. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं आणि नवऱ्याची सुट्टी एक दिवस मागे घ्या म्हटलं. ते थोडे घुटमळले.

"ताई, आम्ही नाही सरकवली. त्यानेच येऊन मागून घेतली."

आणि भट्टीवरचा तो सोडून गेलेला माणूस? कुणी गेलंच नव्हतं. तरी मी आपली नवऱ्याची बाजू सावरायला बसले. दमला असेल, इतका पुढचा विचार सुचला नसेल, असं काहीबाही बोलले. काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मी दोन दिवस पुढे देत होतो, मला ते सोयीचं होतं. त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, दोन नको, एकच द्या."

मी उभ्या उभ्या मोजलं. दोन दिवस सरकली असती तर पहिल्याच खेपेला, सहाव्या दिवशी, आम्ही दोघं घरी असतो.

काकांनी विचारलं, मग घेऊ का एक दिवस मागे? लगेच होण्यासारखं होतं. मी म्हटलं, "राहू द्या. त्याने मागितलंय तेच असू द्या."

फाटकाबाहेर येईपर्यंत रडू आवरलं, राग काही आवरेना. जे कळायला मला दोन महिने लागले, ते त्याला सुट्टी मागतानाच माहीत होतं.