मारुतीच्या अंगणातला ठराव

चांदवडजवळच्या त्या गावात ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरायची. शाळेच्या नव्या खोलीला पायऱ्या करायच्या की उतार, हे २००३ सालच्या सव्वीस जानेवारीच्या सभेत ठरणार होतं. पायऱ्या झाल्या असत्या तर चाकाच्या खुर्चीत बसणारी सहा वर्षांची सायली पहिलीत बसू शकली नसती. तिच्या शेजारची शुभांगी तिच्या बाजूनं बोलायला आली होती.

शुभांगीला लहानपणी पोलिओ झालेला. ती कुबड्यांवर मंडपापर्यंत आली आणि थांबली. आत चपला काढून जायचं, आणि तिचे बूट पायांच्या लोखंडी पट्ट्यांना जोडलेले. ते काढले की तिला उभं राहता येत नसे.

सरपंच खंडेराव आतून म्हणाले, “पोरी, तू बाहेरच बस. तुझं म्हणणं मी मांडतो. निवडणुकीत शब्द दिलाय ना.”

“मागच्या सभेतही तुम्हीच मांडणार होता, काका.”

दोघंतिघं हसले.

“उचलून आत घेऊ तिला,” कुणीतरी म्हणालं.

“मी काय कांद्याची गोणी हाय? सगळे उभं राहून बोलतात, मीबी उभीच बोलणार.”

देवळाची झाडलोट करणारे झिपरूबाबा म्हणाले, “आज बूट, उद्या बैलगाडी आणाल आत.”

“बाबा, ज्यानं डोंगर उचलला त्याला पोरीच्या बुटांचं वझं व्हतंय व्हय?” म्हाताऱ्या कुसाबाईनं विचारलं.

बाबा हटेनात. तेव्हा कुसाबाई उठली. “चला गं, बाहेर ऊन चांगलं हाय,” म्हणत अंगणात जाऊन बसली. तिच्यामागे बायका गेल्या, मग बरेच पुरुषही. ग्रामसेवकानं आतली डोकी मोजली.

“सरपंच, सभेला लागतात तेवढी माणसं आत उरली नाहीत.”

खंडेरावांनी चपला घातल्या आणि टेबल अंगणात आणवलं.

शुभांगी थोडकंच बोलली. “मला चौथीपर्यंत बापानं पाठीवर नेलं. पुढं त्याची पाठ गेली, अन् माझी शाळा. सायलीला अक्षरं मी घरी शिकवते. पण तिच्यासंगं खेळायला पोरं कुठून आणू? उताराला सिमेंट थोडं जास्त लागेल, गवंड्याला विचारलंय मी.”

“एका पोरीसाठी?” मागून आवाज आला.

“आज एक हाय,” कुसाबाई म्हणाली. “गुडघे तुझेबी दुखतात, नातवाला सोडायला जाशील तवा कळंल.”

हात वर झाले. झिपरूबाबांचाही झाला. “मी देवळापुरतं बोललो होतो,” ते शेजाऱ्याला म्हणाले.

“शुभांगी, तुझा हात?” ग्रामसेवकानं विचारलं.

तिचे दोन्ही हात कुबड्यांवर होते. “माझं तोंडी लिहा, भाऊसाहेब.”

त्यांनी लिहून घेतलं, ठराव मंजूर झाल्याचं वाचून दाखवलं आणि पुढचा विषय काढला, पाणीपट्टीचा.