टेबलाच्या काठावरचा चिमटा

मित्रांनो, वेल्डिंगच्या ठिणग्या तुम्ही दुरून पाहिल्या असतील. त्या ठिणग्यांच्या मागे, लोखंडी टेबलाच्या काठाला दात रोवून जो मुकाट्याने बसलेला असतो, तो मी: एक जुना अर्थिंगचा चिमटा. यंत्रातून दोन जाड केबल निघतात. एकीच्या टोकाला होल्डर असतो. त्यात रॉड धरून विद्यार्थी लोखंड सांधतात. दुसरीच्या टोकाला मी. रॉडवाटे गेलेली वीज माझ्या जबड्यांतून यंत्राकडे परतते. ती नीट परतली नाही, तर पुढचा प्रकाश कितीही दिपवणारा असो, सांधा कच्चाच राहतो.

ओतशाळेत पितळेचा रस साच्यात पडला आणि मला आकार आला. या प्रशिक्षणशाळेत आलो तेव्हा माझी स्प्रिंग फार कडक होती. "अरे, हा चिमटा आहे की मगर!" असे म्हणत एका विद्यार्थ्याने चिमटलेले बोट तोंडात घातले होते. तेवढीच काय ती माझी स्तुती. पुढे कित्येक तुकड्या आल्या आणि गेल्या. विद्यार्थी होल्डर पुसत, डोळ्यांपुढची काळी काच पुसत. मला मात्र पायाने सरकवत. दातांवर काजळीची आणि मळाची पुटे चढली. स्प्रिंग थकली, आणि खरे सांगायचे तर मीही थकलो.

अशा वेळी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर एक बाई शिकायला आल्या. चांगली टेबले तरुणांनी आधीच अडवली होती. बाईंचे पंधरा वर्षांचे इस्त्रीचे दुकान बंद पडले होते. लोखंडी फाटके बनवणाऱ्या एका कारखान्याने त्यांना कामाचा शब्द दिला होता. मात्र प्रमाणपत्र दाखवले तरच.

"काकू, हा शर्ट नाही, लोखंड आहे," शेजारचा खट्याळ विद्यार्थी म्हणे.

"बाळा, पंधरा वर्षं लोखंडानंच शर्टांना सरळ केलं. तुलाही करीन."

या बाई परीक्षेत दोनदा नापास झाल्या. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते, कारण दोष माझा होता. माझी पकड ढिली. म्हणून वीज अडखळे, ज्योत विझे, रॉड लोखंडाला चिकटून बसे. निदेशक सर म्हणत, "बाई, हात कापतोय तुमचा. वय झालं की व्हायचंच." बाई हातमोजा काढून स्वतःच्या हाताकडे पाहत राहत. मला वाचा नव्हती.

तिसरी परीक्षा ही नियमाप्रमाणे शेवटची संधी. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ लावून बसले. बाईंनी सांधा धरला; ज्योत एकदा विझली, दोनदा विझली. सरांनी हताशपणे मान हलवली.

तेव्हा बाईंनी यंत्र बंद केले. हातमोजा काढला, आणि उलटा हात लावत त्या केबलच्या मागोमाग चालत माझ्यापर्यंत आल्या. मला स्पर्श होताच त्यांनी हात झटकला.

"सर, हा चांगलाच तापलाय! इस्त्रीचा प्लग ढिला झाला की अस्साच तापायचा."

"वेळ थांबणार नाही हं, बाई," परीक्षक म्हणाले.

"नका थांबवू. तो तारांचा ब्रश द्या इकडे."

मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझे दात कुणी घासले! टेबलाचा काठही त्यांनी लखलखीत केला, आणि माझ्या स्प्रिंगवर विसंबून न राहता स्क्रूचा शिकंजा लावून मला काठाशी आवळले. खराब झालेला सांधा ग्राइंडरने खरवडून त्या पुन्हा बसल्या. या वेळी भिजल्या कापडावरून इस्त्री फिरावी तसा एकसंध चुरचुराट ऐकू आला. तो शेवटपर्यंत तुटला नाही. परीक्षकांनी तो सांधा दाबयंत्रात घालून वाकवला. कुठेही चीर नव्हती.

"पास," ते म्हणाले.

सरांनी तो वाकवलेला सांधा हातात घेतला. मग म्हणाले, "दोन वेळा मी तुमच्या हाताला दोष दिला."

"तुम्ही एकट्यानं कुठं? मीसुद्धा दिला की."

कारखान्यात जाण्याआधी बाई एकदा येऊन गेल्या. मला टेबलावरून काढून त्या सरांना म्हणाल्या, "याला आता बसवा घरी. घासून किती दिवस भागणार?" त्या दिवसापासून मी खिळ्यावर टांगलेला आहे. नव्या तुकडीच्या हाती रॉड देण्यापूर्वी सर मला खाली काढतात आणि हातोहात फिरवतात.

मित्रांनो, कुणाचा हात कापतो असे वाटले, तर त्याला बोल लावण्यापूर्वी केबल धरून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा चालत जा. तेथे माझ्यासारखा कुणी थकलेला सापडेल. त्याला आधी पुसा. आणि पुसूनही भागत नसेल, तर मायेने उतरवून ठेवा. मी पुष्कळ वर्षे चावून बसलो होतो. आता जबडे मिटले आहेत, आणि बरे वाटते आहे.