न्यूट्रलचा स्क्रू

"बाबा, वरच्या आजोबांचं श्वासाचं यंत्र तुमच्यामुळे जळलं का?"

'हिंमत असेल तर विचार' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं आणि पोरीनं भर जेवणात विचारलंही. बाबांचा घास हातातच राहिला. इमारतीचं वायरिंग त्यांनीच केलं होतं.

"इमारतीत वीज आणणाऱ्या तीन तारा, म्हणजे तीन फेज येतात," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक घराला एक फेज, न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याचा मार्ग, मात्र सगळ्यांचा मिळून एकच. तो सुटला की कुणाचे दिवे मिणमिणतात आणि कुणाकडे विजेचा जास्तीचा दाब जाऊन वस्तू जळतात."

"मग तुम्ही तपासलं नव्हतंत?"

"टेस्टर फेजवर पेटतो, न्यूट्रलवर नाही. न्यूट्रलचा स्क्रू हातानंच आवळून बघावा लागतो. मी तिन्ही फेजवर टेस्टर पेटलेला पाहिला आणि पेटी बंद केली."

"ब्र काढू नका बाहेर," आई कुजबुजली. "खापर वीज कंपनीवर फुटलंय ना? आजोबाही वाचलेत."

बाबांनी मान खाली घातली. पोरीनं ताट बाजूला सारलं.

"उद्या मी दवाखान्यात जाऊन आजोबांना खरं सांगणार," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहीन."