वेंडलचं काम

वेंडलला घालवून दे, असं ब्रिननं तोंडानं कधीच म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सोल्वेग, त्याच्या कामांना सगळ्यांत खालचा क्रम लाव. पुढचं आपोआप होईल."

सोल्वेग मिनियापोलिसमधल्या एका पीकविमा कंपनीत क्लस्टर सांभाळायची. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या यंत्रांचा ताफा. कंपनीतल्या प्रत्येक विभागाची कामं आपापल्या बंद कंटेनरमध्ये तिथं येऊन पडायची. कुणाला कुठल्या यंत्रावर बसवायचं आणि जागा अपुरी पडली की कुणाला उठवायचं, हे सोल्वेगनं लावून दिलेल्या क्रमावर ठरायचं. वरच्या क्रमाचं काम आलं की खालचं काम होतं तिथंच मारलं जायचं. तुझं किती झालं होतं, असं विचारायची तिथं पद्धत नव्हती.

वेंडल हृस्का गारपिटीचा माणूस. रडारची चित्रं, उपग्रहाचे आकडे आणि नुकसानीचे जुने दावे एकामागून एक टप्प्यांतून गाळत नेऊन, कुठल्या तालुक्यात गारा कितपत झोडपणार याचा अंदाज देणारी पाइपलाइन त्यानं एकट्यानं उभी केली होती. ती एकदा सुरू केली की संपायला दीड दिवस लागायचा. सोल्वेग कॉलेजातून थेट इथं आली, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून तिला सगळं शिकवलं ते त्यानंच.

ब्रिन होती नवी संचालक. तिला गारपिटीचे अंदाज बाहेरून तयार विकत घ्यायचे होते. पण साठीला टेकलेल्या माणसाला नुसतं जा म्हटलं की वकील दारात येतात. त्यालाच काम झेपत नाही असं दिसलं, म्हणजे प्रश्न मिटला. "आणि वसंतापर्यंत मला क्लस्टरला प्रमुख नेमायचाय," ब्रिन जाताजाता म्हणाली. "बाहेरून कुणी शोधायची वेळ येऊ नये माझ्यावर."

सोल्वेगनं एक ओळ बदलली. हातातली कॉफीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही.

दोनच दिवसांत वेंडल तिच्या टेबलाशी आला. "अगं पोरी, माझं काम मेलं. शेवटच्या टप्प्यावर होतं गं!"

"काय दाखवतंय?"

"एकशे सदतीस."

काम कुणीतरी जबरदस्तीनं मारलं की क्लस्टर हा आकडा दाखवतो. कामानं ठरल्यापेक्षा जास्त मेमरी खाल्ली तरी हाच, आणि दुसऱ्यासाठी उठवलं तरी हाच. सोल्वेगला हे पाठ होतं. तिनं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मेमरी जास्त खात असेल तुमचं. तपासून बघा."

"घटनांची नोंद बघायला गेलो, तर मला उघडेचना."

"सुरक्षेचे नवे नियम आलेत. सगळ्यांचंच बंद केलंय."

बंद फक्त त्याचंच केलं होतं.

वेंडलनं पाइपलाइन पिंजून काढली. टप्पे लहान केले, मेमरी कमी केली आणि पुन्हा काम सोडलं. या वेळी विक्री विभागाच्या रंगीत तक्त्यांनी त्याला उठवलं. पुढच्या खेपेला कुणाच्या तरी चाचणीनं, जी तो माणूस सुरू करून विसरूनही गेला होता. मधल्या टप्प्यावर झालेलं काम साठवून ठेवावं म्हणून वेंडलनं डिस्कवर जागा मागितली. सोल्वेग म्हणाली, जागा शिल्लक नाही. जागा रग्गड होती.

सोमवारच्या बैठकीत ब्रिन फार गोड आवाजात विचारायची, "वेंडल, गारपिटीचं कुठवर आलं?"

"या आठवड्यात होईल. माझंच काहीतरी चुकतंय."

"आजोबा कंटेनरला झाकण लावायचं विसरत असतील," टेट नावाचा एक पोरगेला इंजिनिअर म्हणाला. सगळे हसले. सोल्वेगही हसली. आपण हसलो नाही तर वाईट दिसेल असं वाटून वेंडलही हसला.

मार्च उजाडला तरी रस्त्यांच्या कडेला बर्फाचे काळे ढीग होते. दुपारी वेंडल तिच्यासमोर डबा घेऊन बसला, पण त्यानं झाकण काढलं नाही. "तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. चुका व्हायच्या आणि त्यांना त्या दिसायच्या नाहीत. मी तीच ती ओळ पुन्हापुन्हा वाचतो, सोल्वेग. मला ती बरोबरच वाटते. त्यांनाही सगळं बरोबरच वाटायचं."

त्याच्या डोळ्यांत उघडी भीती होती. तुमची ओळ बरोबर आहे, एवढे चारच शब्द हवे होते. ते तिच्या तोंडापर्यंत आलेही. मग तिला ब्रिनच्या खोलीचं दार दिसलं, काचेचं, उघडं.

"डॉक्टरांना दाखवून घ्या ना," ती म्हणाली. "म्हणजे मनाला स्वस्थता मिळेल."

त्यानं मान हलवली, जणू याच उत्तराला तो भीत होता. "म्हणजे तुलाही वाटतंय तर."

तिनं आपल्या डब्याचं झाकण लावलं.

तपासणीत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला सापडतही नाही, वर्षानं पुन्हा या. वेंडलनं त्यातलं नंतरचं अर्धंच ऐकलं आणि राजीनामा दिला. निरोपाला ब्रिननं मोठा केक आणवला. त्यावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते चुकलंय की आपल्यालाच तसं दिसतंय, हे न कळून तो बराच वेळ केककडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटी शेवटी सोल्वेगनं मला फार सांभाळून घेतलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळच्या आत सोल्वेगनं त्याची पाइपलाइन क्लस्टरवरून पुसून टाकली. महिनाअखेरीस ती प्रमुख झाली.

उन्हाळ्यात वेंडलची बायको आर्डिस तिला वाणसामानाच्या दुकानात भेटली. वाळली होती. "गाडी चालवायची सोडलीय त्यानं," ती म्हणाली. "होडी विकली. नातवाला गणितं शिकवायचा, तेही बंद. मी चुकीचं शिकवीन म्हणतो. ये ना एकदा. तुझं नाव काढतो सारखं."

सोल्वेगला त्या रात्री झोप लागली नाही. शनिवारी ती लॅपटॉप बरोबर घेऊन गेली. वेंडल मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. शर्टाची बटणं लावली होती आणि प्रत्येक बटण बोटानं पुन्हा चाचपत होता. तिनं बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. खालचा क्रम, बंद केलेली नोंद, डिस्कची जागा, ब्रिन. "तुमचं काहीही चुकलं नव्हतं, वेंडल. तुमचं काम मीच मारत होते. प्रत्येक वेळी."

तो शांतपणे ऐकत होता. ती थांबल्यावर त्यानं तिचा हात हातात घेऊन थोपटला.

"आर्डिसनं पाठवलं ना तुला?"

"नाही हो! मी खरं सांगतेय. हे बघा, बदलाची तारीख आहे, माझं नाव आहे—"

"नको गं." त्यानं लॅपटॉप हळूच मिटला. "वाचता येतं मला. पण वाचलेलं खरं की नाही, ते मला कुठं कळतंय? आणि तू असं करशील? तुला मी शिकवलंय. मनानं चांगली आहेस म्हणून माझ्यासाठी एवढं पाप स्वतःच्या अंगावर घेतेस."

"वेंडल, ऐका माझं."

"बोललीस तेवढं पुरे झालं. बरं वाटलं मला."

आणि सोल्वेगचा जीव भांड्यात पडला. लाज वाटायला हवी होती, पण आधी सुटकाच वाटली. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि बिघडलं काहीच नव्हतं.

आर्डिस तिला गाडीपर्यंत सोडायला आली. आर्डिसनं विश्वास ठेवला असता, तारीख आणि नाव वाचून पाहिलं असतं, नवऱ्याला खांद्याला धरून हलवलं असतं, वकीलही गाठला असता. तिनंच विचारलं, "काय एवढं बोलत होतात दोघं?"

सोल्वेगनं लॅपटॉप मागच्या सीटवर ठेवला. "काही नाही. ऑफिसच्या जुन्या गप्पा."

"येत जा गं," आर्डिस म्हणाली. "तू आलीस की खुलतो तो."

"हो, येईन की," सोल्वेग म्हणाली. ती पुन्हा त्या घरी गेली नाही.